सुचत नाही ना, मग गिरव

तुझा प्रश्न लांबलचक आहे, आधी मला तो जसा समजला तसा सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घर सोलापूरच्या साखर पेठेत, घरी तेलुगू, शाळा मराठी, आता पुण्यात आयटीत नोकरी आणि तिथे दिवसभर इंग्रजी. कॉलेजात चित्रं काढायचास, गोष्टी लिहायचास, आता कागद समोर घेतला की डोकं ब्लँक. वर्षाला ५० पुस्तकं वाचणाऱ्यांचे व्हिडिओ बघून आपण मागे पडलो असं वाटतं, आपलं मराठी धड नाही असंही वाटतं, ऑफिसात वरचा माणूस म्हणतो तुझा ॲटिट्यूड पॉझिटिव्ह नाही, आणि सगळ्यात शेवटी, नोकरी सोडून एक वर्ष नुसतं लिहीत बसू का.

माझं आयुष्य चादरीची डिझाइनं काढण्यात गेलं, आधी ग्राफपेपरवर, नंतर कॉम्प्युटरवर, आणि संध्याकाळ वाचनालयात. दोन्ही शेजारी-शेजारी चाललं म्हणून एक गोष्ट ठाम सांगू शकतो. तू ओरिजिनल व्हायच्या नादात गिरवणं सोडून दिलंस, म्हणून तुझं सुचणं आटलंय. लहानपणी तू चित्रं काढायचास ती कशी काढायचास आठव, कॅलेंडरवरचा गणपती बघून, कॉमिकमधला माणूस बघून, सिद्धेश्वर मंदिराचा फोटो बघून. तेव्हा सुचतंय की नाही हा प्रश्नच नव्हता कारण समोर काहीतरी होतं. आता समोर पांढरा कागद ठेवतोस आणि म्हणतोस ये. कोण येणार?

आमच्या धंद्यात काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, तू सोलापूरचा असलास तरी कारखान्याच्या आत फारसा गेला नसशील. मी शिकायला लागलो तेव्हा मास्तरांनी कित्येक महिने मला स्वतःची एक रेघ काढू दिली नाही. एक जुनी वापरलेली चादर समोर टाकायची, धागे मोजायचं भिंग हातात द्यायचं आणि म्हणायचं, उतरव. उतरव म्हणजे भिंगाखाली एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती ते मोजायचे, त्या हिशोबाचा ग्राफ घ्यायचा, आणि चादरीवर जिथे जिथे रंगीत धागा वर आलाय तो एकेक चौकोन पेन्सिलनं भरत जायचं. हा ग्राफ मग पंचिंगला जातो. पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पडतात, जिथे भोक तिथे जॅकार्डचा, म्हणजे मागावर बसवलेल्या धागे उचलायच्या यंत्राचा, हुक आपला उभा धागा उचलतो, जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो, आडवा धागा घेऊन धोटा मधून जातो, एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. अशी कार्डं दोरीनं ओवून माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर फिरत राहते. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलंय, कार्डं गेली, पण हिशोब तोच.

तर मला एक मोराची चादर दिली होती. मोर म्हणजे आपल्याकडचं घासून गुळगुळीत झालेलं डिझाइन, मला वाटलं यात काय शिकायचं. उतरवायला बसलो तर पहिल्याच दिवशी मोर बसका झाला, कारण मी चौकोनी ग्राफ घेतला होता आणि चादरीत उभे आडवे धागे सारखे नसतात, ग्राफचं माप त्याप्रमाणे बदलावं लागतं. हे सगळ्याच शिकाऊ मुलांना होतं. ते जमलं, मग पिसाऱ्याच्या मागे जी मोकळी जमीन होती तिथे बारीक बारीक टिपके होते. मला ते शोभेचे वाटले, आणि थोडे अस्ताव्यस्त पण वाटले, म्हणून मी ते भरलेच नाहीत, जमीन साफ ठेवली, उलट जास्त छान दिसेल म्हटलं. मास्तरांनी बघितलं, काही बोलले नाहीत, चादर उलटी केली आणि त्या जागेखाली बोट घातलं. मग म्हणाले आता तुझ्या ग्राफवर मोज, इथे धागा किती लांब सुटा राहिला. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. टिपका नसता तर तिथला धागा लांबच्या लांब मोकळा सुटला असता, पायाच्या अंगठ्यात अडकला असता, दोन धुण्यांत चादर गेली असती. ज्या कोण्या माणसानं ते डिझाइन काढलं त्यानं धागा मधेच दाबून धरायला टिपका टाकला, आणि टाकायचाच आहे तर तो चांदण्यासारखा दिसेल असा टाकला.

ही गोष्ट मला कुणी तोंडानं सांगितली असती तर मी हो म्हणून विसरलो असतो. चौकोन चौकोन भरताना हाताला कळली. आणि त्यानंतर मी जेव्हा पहिल्यांदा स्वतःचं काढलं ना, तेव्हा टिपके कुठे पडणार हे आधी ठरवलं आणि त्या टिपक्यांतूनच वेलीचं डिझाइन सुचलं. सुचलं म्हणजे काय, अडचण माहीत झाली होती म्हणून तिच्यातून वाट काढली.

वाचन हे असंच भिंग लावून दुसऱ्याची चादर मोजणं आहे. मी ही एवढीच उपमा देतो, कारण मला येते ती हीच.

तुला वाटेल काका जुन्या काळातलं सांगताहेत, आता कुठे गिरवतात. म्हणून जरा मोठ्यांची उदाहरणं देतो. तुकाराम महाराजांचा तो अभंग आहे ना ज्यात त्यांनी स्वतःचीच हकिगत सांगितलीय, दुष्काळ पडला, बायको अन्न अन्न करत गेली, धंदा बुडाला, मग देऊळ दुरुस्त करायला घेतलं. त्यात क्रम कसा आहे बघ. म्हणतात सुरुवातीला एकादशीला कीर्तन करायचो पण तेव्हा चित्त काही अभ्यासात नव्हतं. मग संतांची वचनं विश्वासानं आणि आदरानं पाठ केली. जे पुढे उभं राहून गायचे त्यांच्या मागे धृपद, म्हणजे पालुपद, धरलं. आणि हे सगळं झाल्यावर, पुढे कधीतरी, कवित्वाची स्फूर्ती झाली. म्हणजे ज्या माणसाचे अभंग आपल्या जिल्ह्यात दर आषाढीला लाखो लोक तोंडपाठ म्हणत पंढरपूरला येतात तो माणूस आधी मागे उभा राहून दुसऱ्याच्या ओळी म्हणत होता, आणि सुरुवातीला त्याचं मनही लागत नव्हतं, आणि हे त्यानंच लिहून ठेवलंय. मला हा अभंग भक्तीसाठी जितका आवडतो तितकाच कारागिराचा कबुलीजबाब म्हणूनही आवडतो.

ज्या यंत्रावर आमचं पोट चाललं ते तरी कुठे आकाशातून पडलं. जॅकार्डनं १८०४ मध्ये फ्रान्समध्ये ते तयार केलं म्हणतात, पण त्याच्याआधी १७२५ मध्ये बूशोननं भोकाच्या कागदाची पट्टी वापरली होती, मग फाल्कननं पट्टीच्या जागी कार्डं आणली, मग व्होकान्सननं आपला माग बनवला, आणि जॅकार्डनं या सगळ्यांचं बघून त्यातून चालेल असं एक केलं. त्याचीच कार्डं बघून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिताच्या यंत्रासाठी कार्डं घ्यायचं ठरवलं, आणि तिथून तुमच्या कॉम्प्युटरचा रस्ता निघतो. तू तर कोड लिहितोस, तुला मी काय सांगू, तुमच्यात पहिल्या दिवशी कुणी रिकाम्या फाइलपासून सुरू करतं का? दुसऱ्याचा चालणारा कोड उघडतात, वाचतात, थोडा बदलतात, मोडतो, परत लावतात. मग गोष्ट लिहिताना तेच का चालत नाही हे मला समजत नाही.

चित्रकार व्हॅन गॉगचं पण तेच. १८८७ मध्ये त्यानं जपानच्या हिरोशिगेच्या चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यातल्या एकासाठी त्यानं ट्रेसिंगवर चौकोन आखून घेतले होते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भारी वाटलं, म्हटलं हा तर आपल्या लाइनीतला माणूस निघाला. पुढे इस्पितळात असताना मिले नावाच्या चित्रकाराची चित्रं तो आपल्या रंगात परत परत काढत बसला, आणि तेव्हा तो काही शिकाऊ नव्हता.

आता वाचनाकडे येतो. ५० पुस्तकांचा आकडा डोक्यातून काढून टाक. आकडा पूर्ण करायचा म्हटलं की माणूस पातळ पुस्तकं शोधतो, मग सारांश ऐकतो, मग सारांशाचा व्हिडिओ दीडपट वेगानं. हे करून काय हाती येतं, चार लोकांत बोलायला एक वाक्य. ते वाईट नाही, पण तुला लिहायचंय ना? मग तुला एक पान पुरेल, पण ते पान उतरवायला पाहिजे.

कसं ते सांगतो, आणि हे माझं डोकं नाही, बेंजामिन फ्रँकलिननं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय. हा मुलगा भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, शाळा लवकर सुटलेली. त्याच्या हाती स्पेक्टेटर नावाच्या नियतकालिकाचा एक जुना खंड लागला, त्यातलं लिखाण त्याला प्रचंड आवडलं. त्यानं काय केलं, एकेका लेखातल्या वाक्यांचा मतलब दोन-दोन शब्दांत टिपून ठेवला, काही दिवस तसंच जाऊ दिलं, आणि मग मूळ न बघता त्या टिपणांवरून अख्खा लेख आपल्या शब्दांत परत लिहिला. मग मूळ काढून शेजारी ठेवलं. कधी तो लेख कवितेत करायचा आणि कविता विसरल्यावर परत गद्यात आणायचा, कधी टिपणांचे कागद मुद्दाम पिसायचा आणि नंतर क्रम लावायचा. वेळ कधी, तर कामाआधी सकाळी, काम सुटल्यावर रात्री, नाहीतर रविवारी. म्हणजे नोकरीवालाच की.

तू हे मराठीत कर. तुला आवडलेल्या गोष्टीचं एकच पान घे, फार मोठा लेखक पाहिजे असं नाही, आवडलेलं पाहिजे. एकदा हातानं जसंच्या तसं वहीत उतरव. हातानं, टाइप करून नाही, कारण टाइप करताना डोळा पुढे पळतो. उतरवताना तुला दिसेल की अरे, इथे यानं वाक्य मधेच तोडलं. इथे दोघं भांडताहेत आणि यानं अचानक चुलीवरच्या दुधाबद्दल लिहिलं, हे का? तो टिपका आहे. भांडण लांबलं असतं तर सुटलं असतं, म्हणून त्यानं तिथे धागा दाबलाय. (बघ, आलीच परत तीच उपमा, सवय जात नाही.) मग तीन-चार दिवस गेले की वही न उघडता तेच पान आठवून लिही आणि शेजारी ठेव. तुझं कुठे लांबलं, कुठे तू भावना सांगून मोकळा झालास आणि त्यानं माणूस नुसता हात पुसताना दाखवला होता, हे आपोआप दिसतं, कुणी शिकवावं लागत नाही, आणि कुणी नावं पण ठेवत नाही कारण वही तुझीच आहे.

यात एक गंमत होते जी मी आमच्या वाचनाच्या ग्रुपमधल्या पोरांमध्ये परत परत बघितलीय. आठवून लिहिताना जिथे मूळ आठवत नाही तिथे माणूस स्वतःचं भरतो. मूळ गोष्टीत असेल कोकणातलं अंगण आणि हा लिहितो पत्र्याचं छप्पर, मे महिन्याची दुपार, बाहेर ४३ डिग्री, नळाला आज पाणी यायचा दिवस म्हणून घागरी मांडून बसलेली आजी. विचारलं तर म्हणतो चुकलं काका. चुकलं कसं, ते तुझं आलं की! जे विसरलास तिथूनच तुझं सुरू झालं. पांढऱ्या कागदावर ती आजी कधी आली नसती.

पुस्तकं विकत घ्यायच्या मागे पण लागू नकोस. सोलापुरात आलास की हिराचंद नेमचंद वाचनालयात जा, कपाटापुढे उभा राहून पुस्तकं हाताळ, पहिलं पान वाच, मधलं एक पान वाच, नाही आवडलं तर ठेव. पुस्तक अर्धवट सोडणं पाप नाही, हे मी मास्तर लोकांच्या विरोधात जाऊन सांगतो. जुन्या पुस्तकांत आणखी एक फायदा, आधीच्या वाचकानं पेन्सिलनं खूण केलेली असते, वाचनालयवाले चिडतात आणि बरोबरच चिडतात, पण ती खूण बघून विचार करायला मजा येते की याला नेमकं हेच वाक्य का आवडलं असेल.

तुझं मराठी धड नाही म्हणतोस. अरे, मारुती चितमपल्ली कुठले? आपल्याच सोलापूरचे, १९३२ चा जन्म, मातृभाषा तेलुगू. आयुष्यभर वनखात्यात सरकारी नोकरी केली आणि ती करता करता डायऱ्या लिहिल्या, रानातल्या आदिवासींकडून, पारध्यांकडून पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची नावं गोळा केली, संस्कृत मोठेपणी पंडितांकडे बसून शिकले, आणि त्यातून मराठीत पक्षीकोश उभा राहिला. २००६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच गेले. आता मला सांग, त्या माणसानं आधी मराठी धड करून मग लिहायला घेतलं का? ते ऐकत गेले, टिपत गेले. दुसऱ्याच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवणं हे पण गिरवणंच आहे, आणि मला विचारशील तर त्यातलं सगळ्यात अवघड तेच, कारण समोर छापील पान नसतं.

तुझ्या घरात तर खजिना पडलाय. नवरात्रात फुलं रचून बतकम्मा मांडतात तेव्हा तुझी आई-आजी-आत्या गोल फिरत गातात, एक जण ओळ सांगते, बाकीच्या उय्यालो म्हणून धरतात. पहिल्या वर्षी पोरगी नुसतं उय्यालो म्हणते, पाच-सात वर्षांनी तिला ओळी पाठ होतात, आणि एखाद्या वर्षी सांगणारी बाई ओळ विसरते तेव्हा हीच मधे आपली ओळ घालून मोकळी होते, कुणाला कळत पण नाही. तुकोबांच्या अभंगात जे आहे ते तुझ्या गल्लीत दरवर्षी होतं. तू एकदा मोबाइल बाजूला ठेवून नुसतं एक गाणं देवनागरीत उतरव, आणि खाली मराठीत अर्थ लिही. अडशील. जिथे अडशील तिथे आजीला विचार, ती अर्थ सांगता सांगता दुसरंच काहीतरी सांगायला लागेल, माहेरचं, मिलच्या भोंग्याचं, विड्यांच्या कार्डाचं, ते पण लिही. तिची वाक्यं जशी पडतात तशी लिही, अर्धी तेलुगू अर्धी मराठी, "काय करलालास बे" पण राहू दे. शुद्ध करायचा मोह झाला तर नंतर कर, वेगळ्या पानावर.

आता तू विचारलं नाहीस पण विचारशीलच, की ही चोरी नाही का. आमच्या बाजारात चोरी कशी असते ते मला चांगलं माहितीय, एखादं डिझाइन चाललं की पुढच्या सीझनला तेच तीन मागांवर दिसतं, मोराची मान जरा डावीकडे वळवलेली. ते शिकणं नाही, तो धंदा आहे. माझी सीमा साधी आहे, शिकण्यासाठी गिरवलेलं वहीत राहतं, बाहेर जाताना ज्याचं त्याचं नाव लावून जातं. एकनाथांनी बघ, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. एवढे मोठे कवी, त्यांना स्वतःच्या चार ओव्या मधे घालता आल्या नसत्या का? पण त्यांनी उलट शेवटी बजावून ठेवलं, की जो कोणी यात आपली मराठी ओवी घुसवेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. गिरवताना दुसऱ्याचं आहे तसं ठेवायचं आणि स्वतःचं करताना बेधडक स्वतःचं करायचं, या दोन्हींची सरमिसळ झाली की तो बाजारातला मान वळवलेला मोर होतो.

एआयबद्दल फार बोलत नाही. आमच्याकडे पण आता पोरं दोन मिनिटांत मोर काढून आणतात, दिसायला एक नंबर, हजार रंग. मग मी विचारतो आपल्याकडे धाग्याचे रंग किती आहेत, आणि ही मागची जमीन कुठे बांधायची? मग तो पोरगा परत माझ्याजवळ बसतो आणि रंग कमी करत करत, सुटे धागे बांधत बांधत मोराचा पार वेगळा मोर होतो. वापर की, मी कुठे नको म्हणतो, पण जे गिरवताना तुझ्या डोळ्याला लागतं ते त्यात लागत नाही, एवढं लक्षात असू दे.

ॲटिट्यूडचं. हे मला जरा डोक्यात जातं, खरं सांगतो. पॉझिटिव्ह हो म्हणजे नेमकं काय कर? तोंड हसरं ठेव? डिझाइनच्या कामात बहुतेक वेळ चौकोन भरण्यात जातो. सुचण्याचा भाग एवढासा असतो आणि बाकी नुसतं भरणं, मोजणं, परत मोजणं, कारण एका कार्डाला एक भोक चुकलं तर ती चूक त्या चादरीत एकदा नाही, डिझाइन जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा येते, आणि मग प्रत्येक चादरीत येते. एवढं कंटाळवाणं काम रोज आनंदानं कोण करतं? कुणी नाही. भवानी पेठेत, अशोक चौकाच्या बाजूला बायका दारात सूप घेऊन विड्या वळत बसतात, मजुरी हजार विड्यांवर, त्यांना कुणी विचारलं का तुमचा ॲटिट्यूड कसा आहे. पण त्यांच्या गप्पा ऐक कधी, हात चालू आणि तोंडानं अख्ख्या पेठेचा इतिहास, कोण कुणाची नक्कल करतंय, कोण सासूचा आवाज काढतंय. हात कामात असला की डोकं मोकळं होतं, हे मी माझ्यावरही बघितलंय. चौकोन भरताना मन लागलंच पाहिजे अशी अट मी कधी घातली नाही, तुकोबांचं पण आधी लागत नव्हतं. बसायचं, भरायचं. कधी लागतं, कधी नाही लागत, वहीला दोन्ही सारखंच.

तुझ्या टीम लीडला मात्र काय सांगायचं ते मला विचारू नकोस. मीटिंगमध्ये थोडं हसत जा, त्यानं काही बिघडत नाही.

मूडचं मात्र एक खरं आहे. तुला लिहिताना वाईट वाटतं कारण तू पहिल्या ओळीलाच तिची तुलना तुझ्या आवडत्या लेखकाच्या छापलेल्या ओळीशी करतोस. चव आधी तयार होते, हात मागून येतो, मधली काही वर्षं माणसाला स्वतःचं सगळंच फालतू दिसतं आणि ते बऱ्यापैकी फालतू असतंही. गिरवणाऱ्याला हा त्रास कमी होतो, कारण तो आज चांगलं लिहायला बसलेलाच नसतो, तो बघायला बसलेला असतो की समोरच्यानं हे कसं केलं. स्वतःवरून नजर हटली की निम्मी निगेटिव्हिटी तिथेच जाते.

आणि नोकरी. नको सोडूस. वर्षभर रिकामा बसलास की पहिले दोन महिने छान जातील, मग पैशाचा हिशोब सुरू होईल, घरचे काही बोलणार नाहीत पण बघतील, आणि मग जे लिहिशील ते लवकर कुठेतरी चाललं पाहिजे, छापून आलं पाहिजे, व्हायरल झालं पाहिजे या घाईनं लिहिशील. घाईत माणूस नेमकं काय करतो माहितीय, बाजारात चाललेलं आहे त्याची मान वळवतो. पगार तुला वाईट लिहायची मोकळीक देतो, ती इतक्यात घालवू नकोस.

सकाळी लॉगिनच्या आधी अर्धा तास एक पान. जमलं नाही त्या दिवशी नाही, त्याचा हिशोब ठेवू नकोस. घरी येताना हुतात्मा एक्सप्रेसनं येतोस ना, तर पुणे ते सोलापूर चार तास सलग मिळतात, दौंडपर्यंत झोप काढ आणि कुर्डुवाडीच्या आत आठवून लिहायचं पान संपव. अशी एक-दोन वह्या भरू दे. त्यात मधे मधे तुझं स्वतःचं किती आलंय ते बघ, आणि आठ-दहा पानं सलग तुझीच निघाली तर ऑफिसात पंधरा दिवसांची बिनपगारी सुट्टी मिळते का विचार आणि तेवढे दिवस लिहून बघ. राजीनाम्याचं त्यानंतर बोलू.